सही दोघांची, कलमं एकाची
(पिरंगुट, ता. मुळशी येथे केलेलं भाषण)



भावांनो, इथल्याच एका पत्र्याच्या शेडात माझ्या दोन लेथ चालतात. कंपनीचं नाव घेत नाही. पुढची ऑर्डर तिच्याच हातात. करार मात्र सांगतो. दर वर्षभर तोच, पोलाद कितीही महागो. पैसे ९० दिवसांनी. रिजेक्शन कधीही, बिलातून वजा. इंग्रजीत चार पानं. त्यात माझी फक्त सही.

ओळखीचं वाटतं ना? माझा आजा येसकर. राबणं आधी, बलुतं पाटलाच्या मर्जीनं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनावर बिल आणलं. वतन गेलं १९५८च्या कायद्यानं. मर्जी कुठं गेली?

आता २००६चा लघुउद्योगांचा कायदा ऐका. करारात काहीही लिहा, मुदत ४५ दिवसांवर नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नाही, तर माल स्वीकारला असं धरायचं. म्हणजे माझं ९० दिवसांचं कलम जन्मतःच मेलेलं. पण तक्रार करणारा एकटा असला की आधी तोच मरतो. साली खरी गोम ही.

म्हणून मसुदा आपण सगळ्या शेडवाल्यांनी मिळून लिहायचा. चलनावर पोच-तारीख आणि शिक्का. पोलादाच्या भावाबरोबर दर. रिजेक्ट जॉब परत आपल्या हातात. भंगारात विकून वर पैसे कापणं बंद. रविवारी माझ्या शेडात या. करार आणा. उद्यम नोंदणीचा कागदही आणा. तो नसेल तर कायदा दारातच अडवतो.