दुकानातील इजा आणि रास्त भरपाई



दुकानाच्या ओल्या फरशीवरून पाय घसरून एखाद्या गृहिणीचा हात मोडतो. मालक दवाखान्याचे बिल भरतो, रिक्षाचे भाडे देतो आणि एका कागदावर सही घेऊन प्रकरण मिटवितो. गावातील जाणती मंडळीही पुष्कळदा अशा मिटवामिटवीस हातभार लावतात. परंतु दवाखान्याचे बिल म्हणजेच भरपाई, ही समजूत चुकीची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोटार अपघाताच्या एका दाव्यात भरपाईची अंगे स्पष्ट केली. उपचाराचा, प्रवासाचा व सकस आहाराचा खर्च, बुडालेली मिळकत आणि इजा गंभीर असल्यास पुढील मिळकतीची हानी, पुढील उपचार, वेदना व मनस्ताप हे सर्व त्यात येते. अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे मिळकतीच्या हानीची टक्केवारी नव्हे, हेही न्यायालयाने बजावले. डावा हात गमावलेल्या सुताराचा धंदाच बसतो. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. इजा दुकानात झाली म्हणून ही मोजणी बदलण्याचे कारण नाही.

गृहिणीला पगार नाही, मग तिचे नुकसान कोणते, असा प्रश्न हमखास निघतो. जमशेदपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीतील मृतांच्या वारसांना भरपाई ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले, आणि तेही हात राखून. पंचांनी हे विसरू नये.

दुकानदाराचा दोष सिद्ध कसा करावयाचा? इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या एका मोठ्या दुकानात सांडलेल्या दह्यावरून एक ग्राहक स्त्री घसरली. दही केव्हा सांडले, हे तिला सांगता येणे शक्यच नव्हते. फरशी दुकानाच्या ताब्यात होती, तेव्हा योग्य दक्षता घेतल्याचे दुकानाने दाखवावे, असे तेथील अपील न्यायालयाने १९७५ साली ठरविले. हा निर्णय भारतात बंधनकारक नसला तरी त्यातील तर्क कोणालाही पटावा. अर्थात, समोरची सूचनापाटी डावलून धावणाऱ्याची भरपाई त्याच्या चुकीच्या प्रमाणात घटू शकते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती तक्रारदार राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही चालते. वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि ही मर्यादा खरेदीच्या किमतीची आहे, मागितलेल्या भरपाईची नव्हे. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी. काहीच खरेदी केलेली नसल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे.

जागेचे छायाचित्र, साक्षीदारांची नावे व डॉक्टरांचे टिपण त्याच दिवशी मिळवावे. दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते राखून ठेवण्याची लेखी मागणी तत्काळ करून पोच घ्यावी. आणि मालकाने पुढे केलेल्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असल्यास, हाड सांधून डॉक्टरांचा अखेरचा अभिप्राय येईपर्यंत त्यावर सही करू नये.