एक मार्ग, अनेक गाड्या

अंजनगांव सुर्जीचें नांव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८०३ मधील शिंदे व इंग्रज यांच्या तहामुळें ठाऊक असतें. वऱ्हाडांतील जुन्या माणसांना मात्र तें मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज मार्गावरील स्थानक म्हणून आठवतें. मार्ग एकेरी. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या सुटल्या तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून रेल्वेच्या व्यवहारांत पुष्कळ ठिकाणीं टोकनची युक्ति रूढ झाली. दोन स्थानकांमधील तुकड्यासाठीं यंत्रांतून एका वेळीं एकच गोळा बाहेर येतो. तो ज्या ड्रायव्हरच्या हातीं, त्यालाच पुढें जाण्याची मुभा.

संगणकाच्या पोटांतही असाच प्रसंग येतो. एकाच कामाचे अनेक भाग तेथें एकदम चालतात. त्यांना थ्रेड, म्हणजे धागे, म्हणतात. प्रत्येकाची गति निराळी, पण स्मृति सामाईक. अडतीच्या दुकानांतील वही घ्या. तींत कापसाच्या १०० गाठी जमा आहेत. दोन कारकुनांनीं तो आंकडा एकदमच वाचला; एकानें १० मिळवून ११० लिहिले, दुसऱ्यानें २० मिळवून त्यावरच १२० लिहिले. दहा गाठी नाहींशा झाल्या, आणि बेरीज दोघांचीही बरोबर!

डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत यावर जो उपाय काढला, त्याचें नांवच मुळीं रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलें आहे : सेमॅफोर. वहीला हात लावण्यापूर्वीं धाग्यानें एक खूण मिळवावी, काम होतांच ती परत करावी. खूण शिल्लक नसेल तर थांबावें.

पण थांबण्यांतही विपत्ति आहेच. एकानें वही धरून दौतीची वाट पाहिली, दुसऱ्यानें दौत धरून वहीची. दोघेही जन्मभर तसेच बसतील. सर्वांनीं आधीं वही, मग दौत, हा एकच क्रम पाळला म्हणजे ही कोंडी होत नाहीं.

खरी भीति अशी कीं, असली चूक शेंकडों वेळां दडून राहते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रानें १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना भयंकर अतिरिक्त मात्रा दिली. त्यांतील कांहीं दगावले. टेक्सासमध्यें १९८६ सालीं यंत्र चालविणाऱ्या हातांनीं पडद्यावरील चुकीची नोंद झटपट दुरुस्त केली. यंत्राचा एक भाग नव्या नोंदीप्रमाणें चालला, दुसरा जुन्या. सावकाश दुरुस्ती करणाऱ्यास हा दोष दिसलाच नसता. आधीच्या थेरॅक-२० यंत्रांतही तो होता. पण तेथें अशा वेळीं फ्यूज उडून यंत्र बंद पडे, आणि नव्या यंत्रांतून ते जुने अडसर काढून टाकले होते.