नकार मिळाला, तरी दाद मागता येते



सातारा-सांगली म्हणजे प्रतिसरकारचा, इंग्रज राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारचा मुलूख.
१९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे सहकारी इथं भूमिगत राहून लढले.
रात्र उसाच्या फडात.
भाकरी कुणाच्या तरी घरची.

पुढं स्वातंत्र्यसैनिकांना सन्मान निवृत्तिवेतन सुरू झालं.
अर्जासोबत पुरावा हवा.
पण जो पोलिसांना सापडलाच नाही,
त्याची तुरुंगात नोंद कुठून असणार?

मग अर्ज फेटाळला गेला, तर?
तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

एक गोष्ट ध्यानात घ्या.
न्यायालय सहसा नव्यानं अर्ज तपासायला बसत नाही.
ते सरकारचा निर्णय तपासतं.
कागद नीट पाहिले का?
नकाराचं कारण दिलं का?
चूक दिसली, तर अर्ज फेरविचारासाठी परत पाठवता येतो.

२००१ मध्ये, गुरदयाल सिंग यांच्या अशाच निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात,
सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं:
इथं फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागू नये.
दावा खरा असण्याची शक्यता किती, ते पाहावं.

तेव्हा श्रोतेहो, नकाराचं पत्र फेकू नका.
त्यातलं कारण वाचा.
जुने कागद जपा.
पुन्हा सांगतो: नकार मिळाला, तरी दाद मागता येते.