बॉनेटखालचा दिवा

रात्री वाटेत मोटार बंद पडली असता अंधारात इंजिन पाहावयाचे कसे, ही अडचण ओळखून अमेरिकेतील कारखानदारांनी बॉनेटच्या आतल्या अंगास एक लहानसा दिवा बसविण्याची सोय केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शेव्हरोलेच्या पुष्कळ गाड्यांत तो आढळतो, व जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या कुटुंबांत अद्यापि नांदत आहे. त्यास बटण नाही. दिव्याच्या बुडाशी एक बंद कुपी असते. तीत पाऱ्याचा थेंब व विजेची दोन अग्रे. बॉनेट उचलले की पारा घरंगळून दोन्ही अग्रांस जोडतो आणि दिवा लागतो. बॉनेट मिटले की तो मागे सरतो व दिवा विझतो.

दिवा लागत नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ. तो विझत नाही, ही शंका मात्र फार थोड्यांस येते, आणि खरा घात तेथेच आहे. असा दिवा सुमारे १ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे ४८ अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसात निम्मी रिकामी होणार. मध्यरात्री आजाऱ्यास इस्पितळात न्यावयाचे आणि मोटार हूं की चूं करीत नाही, असा प्रसंग या क्षुल्लक दिव्याने ओढवू शकतो. बॉनेट मिटल्यावर आत काय चालले आहे हे दिसत नाही, हे खरे. पण परीक्षा सोपी आहे. थंड गाडीचे बॉनेट अर्धा तास मिटलेले ठेवावे आणि उघडताक्षणीच बोट दिव्याजवळ न्यावे. काच तापलेली असेल तर तो आत जळतच होता. अशा वेळी प्रथम दिव्याची पट्टी वाकली आहे काय ते पाहावे. कोन बिघडल्यास पारा मागे सरत नाही. पट्टी सरळ करताच पुष्कळदा काम भागते.

न लागणाऱ्या दिव्याची तपासणी याहून निराळी. आधी दिवा काढून त्यातील तंतू शाबूत आहे ना, हे पाहावे. मग फ्यूज. होल्डरमध्ये हिरवा कळंक चढला असल्यास बॅटरीची ऋण तार सोडवून तो बारीक काचकागदाने खरवडावा. बिजागरीपाशी तार शेकडो वेळा वाकते; वरचे आवरण धड दिसते आणि आतले तांबे तुटलेले असते. हेही ठीक असेल तर परतीच्या मार्गाकडे वळावे. या दिव्यास तार एकच. वीज परत जाते ती स्क्रूमधून बॉनेटच्या पत्र्यात. गाडीस नवा रंग दिला की नेमका हा मार्ग बुजतो, आणि रंगाऱ्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. बॉनेट उघडे ठेवून दिव्याच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत एक सुटी तार धरावी. दिवा लागला तर स्क्रूखालचा रंग खरवडणे एवढेच काम उरते.

कुपीच बिघडली असेल तर मात्र ती फोडून पाहण्याचा मोह टाळावा. तीत सुमारे १ ग्रॅम पारा असतो व त्याची वाफ विषारी असते. अमेरिकेत २००३ सालच्या गाड्यांपासून असे खटके घालणे बंद झाले. भंगारातील जुने खटके गोळा करण्याची देशव्यापी योजना तेथे २००६ साली सुरू झाली, कारण ते पोलादाच्या भट्टीत गेले की पारा धुराड्यावाटे हवेत जातो. कुपी घरात फुटलीच तर मुलांस बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्या आणि हातातील सोन्याची अंगठी आधी काढून ठेवावी; पारा सोन्यास पांढरे करतो. झाडू किंवा झाडणीचे यंत्र लावू नये. जाड कागदाने थेंब एकत्र लोटून, उरलेले कण चिकटपट्टीने टिपून, सर्व घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. मोरीत टाकू नये.

नवा खटका पाऱ्याचा घेण्याचे कारण नाही. शीतकपाटाच्या दारात असतो तसा, दाबताच वीज तोडणारा खटका बॉनेटच्या कडेखाली बसविता येतो. त्याची उंची अशी ठेवावी की बॉनेट पूर्ण मिटण्यापूर्वीच तो दाबला जाईल. आणि बसवून झाल्यावर पुन्हा एकवार अर्धा तास थांबून बोट लावून पाहावे.