वनौषधींचे अर्क आणि त्यांची पारख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील टोपी बाजारात टोपी घेणारे गिऱ्हाईक ती आधी डोक्यावर घालून पाहते. सैल वाटली तर दुसरी मागते. औषधी अर्काच्या बाबतीत ही सोय नाही. पोटात गेलेला घोट परत करता येत नाही. म्हणून त्याची पारख तो बाजारात येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

‘वाडवडील हेच घेत आले’ असे यावर सांगितले जाते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव मोलाचा खराच. तत्काळ होणारा अपाय त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. परंतु यकृताला किंवा मूत्रपिंडाला सावकाश आणि एखाद्यालाच होणारी इजा परंपरेच्या ध्यानात येतेच असे नाही. शिवाय आजीबाईंचा काढा पाण्यात उकळलेला असे. आज निरनिराळ्या द्रावकांनी वनस्पतीतील निवडक द्रव्ये काढून ती गोळीत दाट करतात. झाड तेच, पण पदार्थ निराळा.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली वाढलेल्या रक्तदाबावरील तिच्या गुणाचा अहवाल ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र खिन्नता आढळली. गुण खरा ठरला. पण सावधगिरीची गरजही तितकीच खरी ठरली.

अलीकडचे उदाहरण गुळवेलीचे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, करोनाच्या साथीत, गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविले. ती वेल नेमकी कोणती, हे तपासलेले नाही, अशी हरकत आयुष मंत्रालयाने घेतली. २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतील अनेकांत शरीराची संरक्षणशक्ती यकृतावरच उलटल्याची चिन्हे होती. वाद काहीही असो, वनस्पतीची ओळख ही पहिली कसोटी होय, हे त्यातून उघड झाले.

ओळख पटल्यावर शिसे, पारा, अर्सेनिक, कॅडमियम आणि बुरशीची विषे यांचा शोध घ्यावयाचा. मग प्राण्यांना एक मोठी मात्रा देऊन साधारणतः १४ दिवस निरीक्षण करावयाचे. नंतर २८ किंवा ९० दिवस रोज मात्रा देऊन यकृत, मूत्रपिंड व रक्त तपासावयाचे. यानंतरच माणसांवरील काटेकोर चाचणीची पायरी येते. पाणी किंवा जलमिश्रित मद्यार्क यांखेरीज अन्य द्रावकाने काढलेल्या अर्कासाठी भारतीय औषध नियमांतील कलम १५८-ब सुरक्षिततेचा पुरावा मागते. ग्वाल्हेरमध्येच, आमखो भागात, केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची संस्था आहे. तेव्हा शास्त्र आणि परंपरा यांचे वैर आहे, असे समजण्याचे कारण नाही.

गृहस्थाने मात्र आपल्यापुरते इतके करावे : वेष्टनावर वनस्पतीचे नाव, मात्रा व परवाना क्रमांक पाहावा, चालू असलेले प्रत्येक चूर्ण व काढा डॉक्टरांना सांगावा, डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. वनौषधीवर विश्वास असावा. परंतु तो पारखून ठेवलेला असावा.