खोक्यातली विमानं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर थिनरचा वास येतो, अशी तक्रार कमिटीकडे दोनदा आली होती. रंगकाम कोणाकडे चाललंय याचा शोध काही लागला नाही. तो गुन्हेगार मीच. रौप्यमहोत्सवी वर्षात शिक्षेत सूट मिळते असं ऐकलंय, म्हणून आज सांगून टाकतो.

छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. परभणी, रत्नागिरी, नागपूर अशा बदल्या झाल्या आणि शेवटी मुंबईत येऊन निवृत्त झालो. निवृत्त माणसाने देवळात जावं, सकाळी चालावं, नातवंडांना शाळेत सोडावं अशी अपेक्षा असते. ते मी करतोच. पण दुपारी दोन ते चार मी प्लॅस्टिकची जुनी प्रवासी विमानं जोडतो. रेडिमेड खेळणी नव्हेत हं. खोक्यात सुटे भाग येतात, ते आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. याला किट म्हणतात. माझ्या स्टॉक रजिस्टरप्रमाणे आजअखेर ६१ किट आहेत. त्यातली ३८ जोडून झाली, २२ शिल्लक आहेत, आणि एकाची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे.

हा छंद मुळात इंग्लंड-अमेरिकेतला. एअरफिक्स ही इंग्लंडमधली कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने काढली. सुरुवातीला ती रबरी खेळणी आणि नंतर कंगवे करायची. पन्नाशीच्या दशकात तिचे किट वूलवर्थ या दुकानांतून विकले जाऊ लागले. लहान किट दोन शिलिंगांना, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशात बसेल अशी किंमत. अमेरिकेत रेवेल आणि ऑरोरा, फ्रान्समध्ये एलेर, अशा आणखी कंपन्या होत्या. मुलांना हवी असायची ती लढाऊ विमानं, स्पिटफायर वगैरे. प्रवासी विमानाला ना तोफ, ना बॉम्ब. त्यामुळे प्रवासी विमानांचे किट तेव्हाही कमीच निघाले, आणि आज ते शोधणाऱ्याची दमछाक होते.

जुन्या किटची एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या काळात काही कंपन्या आधी खोक्याचं माप ठरवायच्या आणि विमान त्यात मावेल तेवढं करायच्या. म्हणजे छोटं विमान आणि मोठं विमान, दोन्ही एकाच लांबीची! शेजारी शेजारी ठेवली तर हिशोब जुळत नाही. पुढे प्रवासी विमानांसाठी एकास एकशे चव्वेचाळीस हे प्रमाण रूढ झालं. हा आकडा विचित्र वाटतो, पण सोपा आहे. सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर अर्धा इंच होतो. जंबो जेट, म्हणजे बोइंग ७४७, खरं ७० मीटरहून लांब. या मापात ते सुमारे ४९ सेंटिमीटरचं होतं. आपल्या टीव्हीच्या टेबलावर बसेल एवढं. बोइंग ७०७ साधारण ३२ सेंटिमीटर आणि कॅराव्हेल २२. सगळी एका रांगेत ठेवली की आकाशातला लहान-मोठेपणा खरा दिसतो. बँकेच्या माणसाला टॅली झालेलं बरं वाटतं.

आता जोडणीचं थोडं सांगतो, कारण मुलं विचारतात. जुनं खोकं मिळालं की आधी भागांची मोजणी. पन्नास वर्षांच्या प्रवासात एखादं चाक हरवलेलं असतंच. मग सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. यातला गोंद म्हणजे फेविकॉल नव्हे. तो प्लॅस्टिकला किंचित वितळवतो आणि दोन्ही भाग एकजीव करतो. म्हणून चूक झाली तर उकलता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ही नोंद पेन्सिलीने होत नाही, शाईनेच होते.

विमानाचं धड दोन उभ्या अर्ध्या भागांत येतं, डावा आणि उजवा. ते जोडल्यावर मध्ये शिवण दिसते. तिथे लांबी भरायची आणि पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. लढाऊ विमानावर हिरवे-तपकिरी पट्टे असतात, त्यात दोष लपतात. प्रवासी विमान पांढरंशुभ्र आणि चकचकीत. त्याच्यावर केसाएवढी रेषही लपत नाही.

नाकात वजन भरायला विसरायचं नाही. शेपटीकडे इंजिनं असलेलं विमान नाक वर करून मागे बसतं. मी त्यासाठी मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं वापरतो. पहिल्या कॅराव्हेलला विसरलो होतो. ते आजही आमच्या कपाटात पुढच्या चाकाखाली रबराचा तुकडा लावून, कर्जदार जामीनदाराच्या आधाराने उभा राहावा तसं उभं आहे.

शेवटी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची नावं, पट्टे, चिन्हं. जुनी डिकॅल पिवळी पडतात. त्यावर उपाय म्हणजे कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा आणि ऊन लागू द्यायचं. थोड्या दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. आमच्या बाल्कनीच्या काचेवर कसले कागद लावलेत, असं अनेकांनी विचारलं होतं. हिने सांगितलं, ‘ह्यांच्या विमानांचं वाळवण आहे.’ पाण्यात टाकल्याबरोबर जुन्या डिकॅलचे तुकडे होऊ शकतात, म्हणून आधी त्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्यावा लागतो.

हे सगळं मला कोणी शिकवलं? माझ्या दादाने.

आम्ही पार्ल्यात दोन खोल्यांत राहायचो. डोक्यावरून विमानं जायची. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो एअर इंडियात सांताक्रूझच्या हँगरमध्ये लागला, केबिनच्या कामावर. खुर्च्या, पडदे, खिडक्यांच्या आतल्या चौकटी. १९७१ साली पहिलं जंबो आलं, ‘सम्राट अशोक’. आजच्या मुलांना कल्पना यायची नाही, पण त्या विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल रंगात महालासारखा झरोका रंगवलेला होता. आकाशातला राजवाडा अशीच त्याची जाहिरात होती. दादाने आईला विमानतळावर नेऊन ते दाखवलं. आई म्हणाली, ‘एवढ्या खिडक्या पुसतं कोण रे?’ दादा म्हणाला, ‘आतून मी.’

पुढे कामानिमित्त तो लंडनला गेला तेव्हा एअरफिक्सचं ७४७ घेऊन आला. त्यात ब्रिटिश कंपनीची चिन्हं होती. दादा म्हणाला, ‘आपण हे अशोक करायचं. झरोके हाताने काढायचे.’ दोन केसांचा ब्रश, लाल रंगाची एवढीशी डबी, आणि रात्री जेवणं झाली की दादा पाटावर बसायचा. मी कंदिलासारखा टेबललॅम्प धरून उभा. एक झरोका जमला नाही तर पुसून परत काढायचा. धडाची डावी बाजू पूर्ण व्हायला कित्येक महिने लागले. उजवी नव्या वर्षात करू, असं ठरलं.

१ जानेवारी १९७८ ला रात्री ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईला निघालं आणि काही मिनिटांतच वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, कोणी वाचलं नाही. पुढे चौकशीत समोर आलं की विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं, बाहेर काळोख होता, आणि त्यातून गोंधळ झाला. दादाच्या कामाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण मनाचा हिशोब व्हाउचर पाहून होत नाही. त्या विमानातली खुर्ची न् खुर्ची त्याच्या हाताखालून गेली होती. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, कोणाशी बोलला नाही. दोन्ही अर्धे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले, सुतळी बांधली, खोकं माळ्यावर टाकलं. नोकरी त्याने पूर्ण केली, पण ब्रश परत हातात घेतला नाही. मीही कधी विषय काढला नाही. काढायला हवा होता, असं आता वाटतं.

आठ वर्षांपूर्वी दादा गेला. महिन्याभराने वहिनींनी खोकं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ‘भाऊजी, हे तुमच्या दोघांचं आहे.’

खरं म्हणजे जुनी किट जमवायला मी लागलो ते त्यानंतर. चोरबाजारात फिरलो, इंग्लंडमधल्या पुतणीकडून मागवली, परदेशातल्या जुन्या संग्राहकांशी पत्रव्यवहार केला. ३८ विमानं जोडली. हिने एकदा सरळ विचारलं, ‘सगळी जोडता, मग दादांचं का नाही?’ माझ्याकडे उत्तर तयार होतं : सराव होऊ दे, मग करतो. पण ती गप्प राहिली तेव्हा कळलं की ही थकीत कर्जदाराची भाषा आहे, मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून ऐकलेली.

संग्राहकांमध्ये एक जुना वाद आहे. काही म्हणतात, खोकं उघडू नये, न उघडलेल्याला किंमत जास्त. काही म्हणतात, किट जोडण्यासाठीच असतं. मी बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी मान डोलावली. पण ज्या खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार नाही, त्याला आम्ही निष्क्रिय खातं म्हणतो. त्यात पैसे असतात, पण ते कोणाच्या उपयोगी पडत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर सुतळी सोडली. वर्तमानपत्र १९७८ चंच होतं. डावी बाजू जशीच्या तशी, झरोके काल काढल्यासारखे लाल. तोपर्यंत माझं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि हात थोडा थरथरतो. डिकॅलचे तयार झरोके मिळतात का, असं एकाने सुचवलं. पण ठरलं होतं हाताने काढायचं. ए विंगमधला नववीतला एक मुलगा रविवारी येऊन टेबललॅम्प धरून उभा राहू लागला. चार महिने लागले. मग दोन्ही भाग जोडले, तेव्हा हात थोडा जास्तच थरथरला, पण शिवण बसली. वहिनींना बोलावून दाखवलं. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘ह्यांचे सरळ आहेत, तुमचे वाकडे आहेत.’ आणि पदराने चष्मा पुसला.

ते विमान आज या टेबलावर आहे. कार्यक्रम झाल्यावर पुढे येऊन जरूर बघा, पण दोन्ही बाजूंनी बघा. कमिटीने परवानगी दिली तर ते वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवावं अशी इच्छा आहे. आणि शिल्लक २२ खोकी मी आता राखून ठेवणार नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा माझं दार उघडं राहील. ज्या मुलांना यायचं असेल त्यांनी यावं. आईवडिलांनी फक्त जुने कपडे घालून पाठवावं, आणि थिनरच्या वासाची तक्रार करू नये, एवढीच विनंती.