ताप नाही, तरी झडप तपासा

पक्षाघात म्हटला की रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे आपल्याला लगेच आठवतात आणि बहुतेक रुग्णांत ती खरीही असतात. पण एक कारण मुद्दाम शोधल्याशिवाय हाती लागत नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल किंवा एऑर्टिक झडपेवर प्लेटलेट आणि फायब्रिन साचून मोहरीच्या दाण्याएवढे पुंजके तयार होतात. त्यांत जंतू नसतात, दाहही नाममात्र असतो. त्यामुळे ते झडपेला घट्ट धरून राहत नाहीत. सहज सुटतात आणि मेंदूच्या धमनीत जाऊन अडकतात. लिबमन आणि सॅक्स या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९२४ साली असे पुंजके वर्णिले. या पुंजक्यांचे नाते ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराशी आहे हे पुढे स्पष्ट झाले. स्वादुपिंड, फुप्फुस आणि अंडाशयाच्या कर्करोगातही ते आढळतात, कारण अशा आजारांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीच वाढलेली असते.

म्हणून ताप नाही, ब्लड कल्चरमध्ये जंतू नाहीत, तेव्हा झडप निर्दोष, हा निष्कर्ष मला घातक वाटतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत लहानमोठे घाव एकदम विखुरलेले दिसले, तर बिघाड एका धमनीत नसून उगम बहुधा हृदयात आहे, हे ओळखायला हवे. छातीवरून केलेल्या इकोत हे बारीक पुंजके निसटू शकतात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत ते अधिक चांगले दिसतात. ही तपासणी त्रासाची आणि खर्चाची आहे, प्रत्येकाची कशी करणार, असे कोणी विचारील. प्रत्येकाची करूच नये. पण तरुण वयात पक्षाघाताचा झटका आलेली, ल्युपस किंवा कर्करोग असलेली, वारंवार गर्भपात किंवा पायात गुठळी अशा रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीच्या खुणा असलेली व्यक्ती समोर असेल, तर हा खर्च टाळणे महाग पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झडपेवरचे बारीक धागे निरोगी माणसांतही दिसतात, मग दोष त्यांनाच कशावरून? खरे आहे, नुसत्या इकोवर निदान होत नाही. मेंदूचे चित्र, रक्ताच्या चाचण्या आणि मूळ आजार एकत्र पाहावे लागतात. जंतुसंसर्ग नाही याची खात्रीही आधी हवी, कारण झडपेला संसर्ग असेल तर रक्त पातळ करणारे औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. अँटिबायोटिक आधीच दिले असेल तर कल्चर फसवे ठरू शकते. निदान पक्के झाल्यावर मात्र गोठणरोधक औषध, कर्करोगात बहुधा हेपॅरिन, आणि मूळ आजाराचे उपचार दोन्ही चालवावे लागतात.

घरात कोणाला पक्षाघात झाला तर जुने गर्भपात, पायातील गुठळ्या, सांधेदुखी, अकारण घटलेले वजन हे सगळे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगा.